सार्जंट पेपर: मोठेपण गाण्यांत की घडणीत?

खर्जषड्ज

इंग्लंडमधल्या बीटल्स या चौघांच्या रॉक बँडचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम १९६७ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधल्या दुकानांत आला आणि तेव्हापासून रॉकमधल्या थोर अल्बमांत त्याची गणना होत आली आहे. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००३ सालच्या ५०० अल्बमांच्या यादीत तो पहिला होता. २०२० च्या यादीत तो २४ व्या क्रमांकावर उतरला. मधल्या काळात केवळ ऐकणारे बदलले, की पहिले स्थान मुळातच चुकीच्या कारणांसाठी दिले गेले होते? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. या अल्बममधली १३ गाणी सुटी करून ऐकली, तर त्यांतली तीन-चारच बीटल्सच्या सर्वोत्तम गाण्यांच्या पंक्तीला बसतील. 'फिक्सिंग अ होल' नीटनेटके आहे, 'लव्हली रीटा' खेळकर आहे, 'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग' मला आजही कर्कश वाटते. आपण एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम ऐकत आहोत ही कल्पना दुसऱ्या गाण्यानंतर विरून जाते आणि शेवटून दुसऱ्या गाण्यात तिची तेवढी आठवण काढली जाते. आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी काही संबंध नव्हता, असे बीटल्सपैकी जॉन लेननने पुढे स्वतःच सांगितले. तेव्हा सलग सूत्र असलेला अल्बम म्हणून त्याला मोठे ठरवणे मला पटत नाही.

मोठेपण आहे ते घडणीत. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा कार्यक्रम करून बीटल्सनी दौरे बंद केले, आणि २४ नोव्हेंबरला ते ॲबी रोडच्या स्टुडिओत आले तेव्हा 'हे रंगमंचावर वाजवता येईल का' हा प्रश्नच उरला नव्हता. हाताशी यंत्रे मात्र चार ट्रॅकचीच होती, म्हणजे टेपेवर चारच आवाज वेगवेगळे भरता येत. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे वाद्य भरायचे, अशी ती पद्धत होती. एकदा असे उतरवले, की आतला ड्रमचा आवाज वेगळा काढून कमी-जास्त करता येत नसे. प्रत्येक थर पुढच्या थराचा अंदाज घेऊनच लावावा लागे, आणि निर्माता जॉर्ज मार्टिन व ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांचे खरे कर्तृत्व त्या अंदाजात आहे. 'मिस्टर काइट'च्या गाण्यात जत्रेचा गलबला हवा होता, तेव्हा वाफेवर चालणाऱ्या ऑर्गनच्या टेपांचे तुकडे केले, ते हवेत उडवले आणि हाती आले तसे एकमेकांना जोडले. ऐकताना ते तुकडे ओळखू येत नाहीत. जत्रेतून चालत गेल्याचा भास तेवढा होतो.

'अ डे इन द लाइफ'बद्दल मात्र सावकाश लिहायला हवे. लेननचे गाणे आणि पॉल मॅकार्टनीचे अर्धवट गाणे यांच्यामध्ये २४ मात्रागटांची (बारची) मोकळी जागा सोडली होती, आणि त्या जागेत काय येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. बँडचा सहायक मॅल इव्हान्स ते गट मोठ्याने मोजत होता व ते संपल्याची खूण म्हणून त्याने घड्याळाचा गजर लावला होता. १० फेब्रुवारी १९६७ रोजी ४० वादकांचा ताफा बोलावला गेला. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून निघून सर्वांत वरच्या स्वरापर्यंत जायचे आणि शेजाऱ्याशी मेळ घालायचा नाही, अशी त्यांना सूचना होती. आयुष्यभर शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसांना हे किती जड गेले असेल! तो गजर अंतिम मुद्रणातही राहिला, आणि त्याच्या मागोमाग मॅकार्टनीचा झोपेतून उठणारा माणूस येतो. शेवटचा स्वरमेळ (कॉर्ड) तीन पियानोंवर एकाच वेळी दाबलेला आहे, आणि तो विरत जाईल तसतशी मुद्रणाची पातळी वाढवत नेली आहे. रात्रीच्या शांततेत ऐकलेत, तर अगदी शेवटी स्टुडिओतली एक खुर्ची कुरकुरते तीही ऐकू येते.

आता वादाचा मुद्दा. तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या आरंभी बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचे 'विदिन यू विदाउट यू' आहे. सुई उचलून पुढे ठेवण्याची सवय अनेकांना याच गाण्याने लावली, आणि मीही अनेक वर्षे तेच केले. घडण हाच निकष धरला, तर हे गाणे या अल्बमचे शिखर आहे की त्यात घुसलेला परका तुकडा आहे? जाणकारांनी लिहावे.

फिरती तबकडी

तुमच्या मांडणीतला पहिला भाग मान्य आहे, दुसरा नाही. सगळी करामत खरी धरली तरी कारागिरी आणि गाणे या दोन गोष्टी आहेत, आणि मी तबकडी लावतो ती गाण्यासाठी. याच चौघांचा आदल्याच वर्षीचा 'रिव्हॉल्व्हर' घ्या. त्यातही टेपा उलट्या फिरवल्या आहेत, त्यातही तारवाद्यांचा ताफा आहे, पण प्रत्येक गाणे आपल्या पायांवर उभे राहते. 'एलनॉर रिग्बी'मधली आठ तारवाद्ये काढून घेतली तरी गाणे उरते. 'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग'मधले प्राण्यांचे आवाज आणि ब्रास (पितळी फुंकवाद्ये) काढून घेतले तर काय उरते, ते तुम्हीच सांगा.

या अल्बमची खरी जखम वेगळीच आहे. त्या बैठकांत सर्वांत आधी तीन गाणी मुद्रित झाली: 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर', 'व्हेन आय'म सिक्स्टी-फोर' आणि 'पेनी लेन'. बाजारात काहीतरी नवे यायलाच हवे म्हणून त्यांतली पहिली आणि तिसरी फेब्रुवारीत एकाच छोट्या तबकडीवर (सिंगलवर) निघाली, आणि तबकडीवर आलेले गाणे ग्राहकाला अल्बममध्ये पुन्हा विकायचे नाही, हा त्या काळच्या इंग्लंडमधला रिवाज आडवा आला. म्हणजे तिघांतली दोन रत्ने बाहेर गेली आणि तिसरे, गोड पण सामान्य गाणे आत राहिले. जॉर्ज मार्टिन यांनीच पुढे हा निर्णय आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक असल्याचे म्हटले. अल्बम जेमतेम ४० मिनिटांचा आहे आणि ती दोन गाणी मिळून सात मिनिटांची आहेत. 'गुड मॉर्निंग' आणि 'लव्हली रीटा' काढून ती दोन घाला, म्हणजे हा वाद करण्याची पाळीच येणार नाही.

हॅरिसनच्या गाण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. शब्दांत उपदेश फार आहे, आवाज एका पट्टीत अडकून पडल्यासारखा वाटतो आणि पाच मिनिटे ही या अल्बमच्या चालीला न पेलणारी लांबी आहे.

सांजवारा

'शीज लीव्हिंग होम'चा उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटले. त्यात चौघांपैकी एकही जण वाद्य वाजवत नाही. फक्त तारवाद्ये आणि हार्प आहे, आणि हार्प वाजवणाऱ्या शीला ब्रॉम्बर्ग या बीटल्सच्या मुद्रणात वाजवणाऱ्या पहिल्या स्त्री वादक होत. पहाटे घर सोडून जाणारी मुलगी आणि मागे राहिलेले आईबाप या दोन्ही बाजू एकाच धृपदात समोरासमोर गायल्या जातात. माझी मुलगी शिकायला परदेशी गेली त्या आठवड्यात मी हे गाणे लावले आणि अर्ध्यावर बंद केले. या अल्बममध्ये गाणी नाहीत, हे मत मला मान्य करता येत नाही.

दाया-बाया

मी गेली २० वर्षे तबला शिकतो आहे आणि आता थोडा शिकवतोही, म्हणून हॅरिसनच्या गाण्याबद्दल त्या अंगाने लिहितो. 'एका पट्टीत अडकलेला आवाज' हा आक्षेप या गाण्यावर नेहमी घेतला जातो. तानपुऱ्याच्या षड्जावर उभ्या असलेल्या संगीताला स्वरमेळ बदलत जाणाऱ्या संगीताचा नियम लावल्यामुळे तो निर्माण होतो.

गाणे सुरू होते तेव्हा आधी तानपुरा येतो, मग स्वरमंडलाच्या तारांवरून एक हात फिरतो आणि दिलरुबा (गजाने वाजवायचे तारवाद्य) लय न धरता गाण्याची चाल उलगडून दाखवते. हा छोटासा आलापच आहे. मग तबला येतो. स्वर खमाज थाटाचे आहेत, म्हणजे निषाद कोमल आणि बाकीचे शुद्ध. एखाद्या रागाचे नाव मी त्याला देणार नाही, कारण रागाचे चलन त्यात पाळलेले नाही आणि पाळल्याचा दावाही नाही. अंतऱ्यांना १६ मात्रांचा त्रिताल आहे.

मधला वाद्यांचा भाग येतो तेव्हा हातावर ताल धरा. १६ मात्रांचा ताल तिथे अचानक बसेनासा होतो, कारण तबला १० मात्रांच्या झपतालात गेलेला आहे. 'धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना' असे दोन-तीन-दोन-तीन मोजले, की सारे जागेवर येते. दिलरुबा एक वाक्य म्हणते, सतार त्याला उत्तर देते, वाक्ये हळूहळू आखूड होत जातात आणि दोघे एकत्र येऊन थांबतात. आपल्या मैफलीतली सवाल-जवाबाची पद्धत ती हीच. १९६७ साली लंडनमध्ये, पॉप संगीताच्या तबकडीवर, २४ वर्षांच्या एका गिटारवाल्याने १० मात्रांत सवाल-जवाब बांधला, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून ऐकवतो. पहिल्या खेपेला त्यांच्यातला एकही जण सम (तालाची पहिली मात्रा) पकडू शकत नाही आणि दुसऱ्या खेपेला सगळ्यांचे हात एकदम मांडीवर पडतात.

जॉर्ज मार्टिन यांनी त्यावर आठ व्हायोलिने आणि तीन चेलो चढवली. दिलरुबेची मींड पाश्चात्त्य वादकांच्या कागदावर उतरवणे हे त्यांच्यापुढचे अवघड काम होते, कारण त्या वादकांना एका स्वरावरून दुसऱ्यावर नेमके पाऊल टाकायला शिकवलेले असते आणि इथे त्यांनी घसरत जावे अशी अपेक्षा होती. काही जागी व्हायोलिने उशिरा घसरतात, तेवढा दोष मी मान्य करतो. धागाकर्त्यांनी घडण हा निकष ठेवला आहे. तो लावला तर हे गाणे शिखर ठरते, कारण इथे जोड दोन टेपांचा नाही, दोन शिस्तींचा आहे.

पडद्यामागे

वरचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले, पण त्यातही वादकांची नावे आलेली नाहीत, आणि मला या अल्बमचा सर्वांत मोठा दोष तोच वाटतो.

हॅरिसनच्या गाण्यात दुसरा एकही बीटल नाही. त्याच्याबरोबर वाजवणारे लोक लंडनच्या 'एशियन म्युझिक सर्कल'मधून आले होते. मूळचे कर्नाटकातले अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी ही संस्था १९४६ साली स्थापन केली होती. तबल्यावर नटवर सोनी, दिलरुबांवर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, ही नावे रसिकांपुढे यायला कित्येक दशके लागली. अल्बमच्या कव्हरवर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी उभे केलेले मेणाचे पुतळे आणि पुठ्ठ्यावरचे थोर चेहरे आहेत, मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले आहेत, पण ज्यांच्या हातांनी हे गाणे उभे राहिले त्या चौघांसाठी एक ओळही नाही.

त्या काळी अशी प्रथाच होती, हे उत्तर मला दिले जाईल. ते अपुरे आहे. 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'लव्ह यू टू' या हॅरिसनच्याच गाण्यात तबला वाजवणारे अनिल भागवत यांचे नाव १९६६ साली त्या अल्बमच्या कव्हरवर छापले गेले होते. म्हणजे नाव देता येते हे ठाऊक होते, आदल्याच वर्षी ते दिलेही होते, आणि या वेळी दिले नाही. एका आडनावावर आपले माणूस भेटल्याचा आनंद ज्यांनी 'रिव्हॉल्व्हर'चे कव्हर उलटून घेतला असेल, त्यांना 'पेपर'चे कव्हर उलटल्यावर काय वाटले असेल?

मोनोवाला

गुणदोष ठरवण्यापूर्वी आपण कोणता 'पेपर' ऐकतो आहोत, हे सांगायला हवे. १९६७ साली बीटल्स स्वतः बसले ते मोनो मिक्ससाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून एकाच वाटेने सोडणाऱ्या जुळणीसाठी. आवाज डावीकडे-उजवीकडे वाटणारे स्टीरिओ मिक्स नंतर, त्यांच्या गैरहजेरीत आणि बऱ्याच कमी वेळात उरकले गेले, आणि पुढच्या पिढ्यांनी मुख्यतः तेच ऐकले.

फरक बारीकसारीक नाहीत. मोनोमध्ये 'शीज लीव्हिंग होम' अर्ध्या स्वराने उंच आणि त्यामुळे जलद आहे. स्टीरिओत ते रेंगाळते आणि थोडे रडके होते. 'लुसी इन द स्काय'मधला लेननचा आवाज मोनोमध्ये पाण्याखालून आल्यासारखा हेलकावतो, स्टीरिओत तो परिणाम पुष्कळ सौम्य आहे. जुन्या स्टीरिओत काही गाण्यांचे गायन एकाच बाजूला टाकलेले आहे. कॉलेजात असताना माझ्या हेडफोनची एक वायर तुटली होती आणि दुसरा घ्यायला पैसे नव्हते. त्या वर्षभरात मला काही गाण्यांतले शब्द जवळजवळ ऐकूच आले नाहीत, पण एका कोपऱ्यात पडलेला तानपुरा मात्र सापडला. 'गेटिंग बेटर'चे शेवटचे कडवे लावून पाहा. गिटारचे ठोके तसेच चालू राहतात आणि खालून तानपुऱ्याचा झंकार वर येतो. तो हॅरिसनच वाजवतो आहे. दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे ज्यांना परके वाटते, त्यांनी पहिल्या बाजूतला हा तानपुरा आधी ऐकावा. ती चाहूल चार गाणी आधीच लागलेली असते.

जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स यांनी २०१७ साली मूळ टेपांवरून नवे स्टीरिओ मिक्स केले तेव्हा मोनोचाच आदर्श समोर ठेवला. ड्रम आणि बास त्यात मधोमध आले आहेत. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टारने 'अ डे इन द लाइफ'मध्ये किती विचार करून हात टाकला आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले.

फिरती तबकडी

तानपुऱ्याचा मुद्दा मी पडताळून पाहिला आणि तो बरोबर आहे. एवढ्या वर्षांत मला तो गिटारचाच गुंजारव वाटत होता. झपतालही मोजला, तिसऱ्या प्रयत्नात जमला. 'एका पट्टीत अडकलेला' हे शब्द मी मागे घेतो. शब्दांतल्या उपदेशाबद्दलचा आक्षेप मात्र कायम आहे. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईत आला, ताजमहाल हॉटेलात उतरला, पुढे काश्मीरला गेला, आणि सुमारे सहा महिन्यांत जगाला मायेचा पडदा दूर करायला सांगणारे गाणे त्याने मुद्रित केले. शिकणाऱ्याने इतक्या लवकर शिकवायला लागू नये.

खर्जषड्ज

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सुटी गाणी दुबळी आहेत हे माझे विधान 'शीज लीव्हिंग होम'पुरते तरी चुकले, हे मान्य करतो. मी ते गाणे जुन्या स्टीरिओतच ऐकत आलो होतो. काल रात्री मोनोतले ऐकले आणि मला रडके वाटणारे गाणे घाईत दार लावून निघालेल्या मुलीचे झाले. केवळ अर्ध्या स्वराने!

उपदेशाच्या आक्षेपाला माझे उत्तर त्या गाण्याच्या शेवटी आहे. शेवटचा स्वर विरताच लोकांच्या हसण्याचा आवाज येतो. तो स्टुडिओच्या संग्रहातल्या टेपेवरचा आहे आणि तो घालण्याचा आग्रह हॅरिसनचाच होता. पाच मिनिटांच्या गंभीर गाण्यानंतर ऐकणाऱ्याला श्वास घेता यावा, ही त्यामागची त्याची भूमिका होती. मला ते हसू थोडे खुपते, पण उपदेशक स्वतःच्या प्रवचनानंतर हसू ठेवत नाही. शिवाय त्या हसण्याला लागून 'सिक्स्टी-फोर'च्या सनया येतात. (माझी आई त्या क्लॅरिनेटना सनयाच म्हणे.) एवढ्या लांबच्या प्रवासानंतर म्हातारपणी बागेत काम करण्याच्या साध्या स्वप्नापाशी अल्बम येऊन बसतो, आणि तुम्ही सामान्य ठरवलेले ते गाणे त्या जागी मला नितांत आवश्यक वाटते. 'पेनी लेन' तिथे ठेवून पाहिले. ते फारच तेजस्वी आहे. त्याच्यापुढे मागचे गाणे पुसले जाते.

नावांच्या दोषाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो दोष घडणीतलाच आहे, आणि तो मी पहिल्या लिखाणात नोंदवायला हवा होता.

दाया-बाया

'लवकर शिकवायला लागला' या म्हणण्याला जोडून एक तपशील देतो. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांना घेऊन काम केले. त्यांत सरोदवर आशिष खाँ होते, संतूरवर शिवकुमार शर्मा होते आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते, जे तेव्हा तिशीच्याही आत होते. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चे संगीत मुद्रित झाले आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला निघाले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेले हॅरिसनचे ते पहिलेच गाणे. त्यात व्हायोलिने नाहीत, चेलो नाहीत, हसणेही नाही, आणि ते तीन मिनिटांच्या आत संपते. 'विदिन यू' संपल्या संपल्या ते लावा आणि बासरीच्या जागा ऐका.

पडद्यामागे

लावले. बासरी सरोदला जागा देऊन थांबते, तिथे दोनदा मागे नेऊन ऐकले. त्या तबकडीच्या मागच्या बाजूवरही वादकांची नावे नव्हती.